औषधी पानांमुळे मधुमेह बरा होतो? दावा तपासून पाहा

“मधुमेह फ्री रॅडिकल्समुळे होतो. औषधी पानांत अँटिऑक्सिडंट्स ठासून भरलेले असतात. रोज अनशापोटी पानं चावा, गोळ्या-इन्सुलिन बंद करा.” हा संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. फ्री रॅडिकल्स म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू आणि अँटिऑक्सिडंट्स म्हणजे त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्यं.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते जीवघेणं आहे. टाइप १ मधुमेहात प्रतिकारयंत्रणेनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारलेल्या असतात. अशा रुग्णाने इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांतही रक्त आम्लधर्मी होऊन तो अत्यवस्थ होऊ शकतो. कोणतंही पान तिथे इन्सुलिनची जागा घेत नाही.

“फ्री रॅडिकल्समुळे होतो.” हे अर्धंच खरं आहे. साखर वाढली की ते वाढतात आणि बीटा पेशींना त्यांची झळ अधिक बसते, कारण त्यांच्याकडे कॅटलेजसारखी संरक्षक एन्झाइम्स तुटपुंजी असतात. पण टाइप २ मध्ये वजन, आनुवंशिकता, इन्सुलिनला दाद न देणारे स्नायू आणि यकृत यांचाही मोठा वाटा असतो.

“पानांत अँटिऑक्सिडंट्स असतात.” असतातच, जवळजवळ प्रत्येक हिरव्या पानात. पुरावा बहुधा परीक्षानळीतला असतो: अर्क टाकला की डीपीपीएच या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या फ्री रॅडिकलच्या द्रावणाचा जांभळा रंग उतरतो. त्या नळीला आतडं नसतं, यकृतही नसतं. क्वेर्सेटिनसारखी पानांतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं या दोन्ही ठिकाणी बदलतात आणि रक्तात मूळ रूपात फार थोडी उरतात. पुढचा पुरावा उंदरांचा. स्ट्रेप्टोझोटोसिन हे विषारी द्रव्य टोचून त्यांच्या बीटा पेशी मारतात. अर्क आधीपासून पाजला असेल, तर त्या विषापासून पेशी वाचल्या एवढंच कळतं. दहा वर्षांच्या मधुमेहाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

माणसांवरचे प्रयोग तर डोळे उघडणारे आहेत. अमेरिकेत सुमारे २२ हजार पुरुष डॉक्टरांवरच्या चाचणीत सरासरी १२ वर्षं बीटा कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट देऊनही मधुमेहाचं प्रमाण घटलं नाही. २००९ साली जर्मनीत झालेल्या एका छोट्या अभ्यासात तर क आणि ई या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या गोळ्यांमुळे, व्यायामाने शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद जो सुधारतो, ती सुधारणाच थांबली.

मग पानं निरुपयोगी? नाही, आणि इथेच मला या संदेशाचा सर्वाधिक राग येतो. गॅलेगा या वनस्पतीतल्या ग्वानिडिन द्रव्यांच्या अभ्यासातून पुढे मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची वाट सापडली. १९५७ मध्ये झां स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते यकृतातून सुटणारी साखर रोखतं. अँटिऑक्सिडंट म्हणून ते निवडलेलं नव्हतं. मधुनाशिनीचं पान चावल्यावर काही वेळ गोड लागत नाही, हेही खरं. पण तो जिभेवरचा परिणाम आहे, रक्तातली साखर त्याने उतरली असं समजू नका.

पानं खात असाल तर डॉक्टरांना नक्की सांगा. गोळ्यांसोबत साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि फरक पडला का, हे एचबीएवनसी तपासणीत पाहा. ती रक्तातल्या साखरेचा दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशोब देते.