आमचं अक्षर ‘के’

मुलानं तिकिटं काढून पाठवली आणि फोनवर सहज म्हणाला, "बाबा, तुमचा विमान कंपनीचा मेंबरशिप नंबर टाकलाय. या एका ट्रिपमध्ये सोळा हजार मैल तरी होतील." मुंबई ते शिकागो, मधे युरोपात थांबा, जाऊन-येऊन. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला असं काही मोघम सांगू नये. रात्री जेवणं झाल्यावर मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. एक मैल म्हणजे 1.609 किलोमीटर, तेव्हा सोळा हजाराचे झाले 25,744.

"पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर," मी म्हणालो. "निम्म्याहून जास्त पृथ्वी आपल्या खात्यात जमा."

"ती ठेवायची कुठे?" बायकोनं ओटा पुसता पुसता विचारलं.

"पुढच्या वेळी फुकट तिकीट मिळतं त्यावर."

फुकट म्हटल्यावर आमच्या घरात पुढचा प्रश्न येत नाही.

तिकीट नीट वाचलं ते मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी. विमानाचा क्रमांक एका कंपनीचा, आणि खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ‘ऑपरेटेड बाय’ म्हणून भलत्याच कंपनीचं नाव. पुढच्या विमानाखाली तिसऱ्याच कंपनीचं. मुलाला विचारलं तर म्हणाला, "कोडशेअर आहे हो बाबा, काही फरक पडत नाही." ‘काही फरक पडत नाही’ या वाक्यानं ज्या फायलींची सुरुवात होते, त्या कुठे संपतात हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलेलं आहे.

कोडशेअर समजायला मला आपली एसटी उपयोगी पडली. भाड्यानं घेतलेल्या गाडीत चालक ठेकेदाराचा असतो आणि वाहक महामंडळाचा. तिकीट फाडणारा वेगळा, गाडी हाकणारा वेगळा. विमानात तेच, फक्त इथे तिकीट फाडणारा गाडीत चढतच नाही. विमान एकाचं, आणि त्याच विमानातल्या जागा आणखी तीन-चार कंपन्या आपापला क्रमांक लावून विकतात. मुंबईच्या टी-2 वर त्या मोठ्या पाटीखाली मी पंधरा मिनिटं उभा होतो. आमचा क्रमांक दिसे, डोळ्यांवर चष्मा चढवेपर्यंत गायब होई, त्याच ओळीत दुसरा येई, मग तिसरा, मग चौथा. वेळ तीच, गेट तेच. शेजारचे एक आजोबा घाबरून म्हणाले, "एवढी विमानं एका दारातून कशी सोडणार हो?"

ऑनलाइन चेक-इन आदल्या रात्रीच फसलं होतं. आमचा सहा अक्षरी पीएनआर तिकीट विकणाऱ्या कंपनीचा, आणि विमान उडवणाऱ्या कंपनीच्या दफ्तरी त्याच प्रवासाला वेगळा पीएनआर. एकाच मुलीच्या दोन पत्रिका, आणि दोन्हीकडे गोत्र वेगळं. काउंटरवर मेंबरशिप नंबराचा विषय काढला तर ती मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, ते ज्यांनी तिकीट दिलं त्यांना विचारा." ज्यांनी तिकीट दिलं त्यांना फोन केला. गाण्याची एकच ओळ बावीस मिनिटं ऐकवून ते म्हणाले, "ते ऑपरेटिंग कॅरिअरला विचारा." माझ्या मेंबरशिप नंबरासारखंच बायकोचं शाकाहारी जेवणही या कंपनीकडून त्या कंपनीकडे जाताना वाटेत कुठेतरी गळलं. तिनं डब्यातून थालीपीठ काढलं. मी मात्र मैलांकडे डोळे लावून चिकनच्या शेजारचा भात खाल्ला.

परत आल्यावर तीन आठवडे मी रोज सकाळी चहाआधी खातं उघडायचो. शिल्लक शून्य. चौथ्या आठवड्यात अभ्यासाला बसलो.

ही मैलांची टूम आजच्या रूपात आणली ती अमेरिकन एअरलाइन्सनं, 1 मे 1981 रोजी. म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि तिकडे हा उद्योग. मग 1997 मध्ये पाच कंपन्यांनी मिळून स्टार अलायन्स नावाची भिशी चालू केली. एकीच्या विमानात बसा आणि मैल दुसरीच्या खात्यात जमा करा. आपली एअर इंडिया त्यात 2014 साली आली. कल्पना उत्तम आहे, माझी तक्रार नाही. पण भिशीत निदान कोण कोण आहे हे तरी ठाऊक असतं. आमच्या तिकिटावरची तिसरी कंपनी, जिनं आम्हाला समुद्रापार नेलं आणि परत आणलं, ती माझं खातं ज्या भिशीत होतं तिच्यात नव्हतीच. तिकीट विकणारी होती. पण माझ्या खात्याचा नियम असा की मैल मोजायचे ते विमान कोणी उडवलं त्यावरून, तिकीट कोणी विकलं त्यावरून नव्हे. दुसऱ्या एखाद्या खात्याचा नियम नेमका उलटा असू शकतो. अटलांटिक महासागर येताना-जाताना असा दोन्ही वेळा पाण्यात गेला.

उरला मुंबई ते युरोप. तिथे आडवं आलं अक्षर.

तुम्हालाही माहीत नसेल म्हणून सांगतो. प्रत्येक तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं. ‘वाय’ म्हणजे साध्या वर्गातला पूर्ण भाडं भरलेला मानकरी. त्याखाली स्वस्ताईच्या उतरत्या पायऱ्या, आणि अगदी तळाशी, जिथे पाय पुसतात तिथे, आमचं ‘के’. वायवाल्याला अंतराचे शंभर टक्के मैल, आम्हाला पंचवीस. आणि तो वायवाला बसलेला कुठे असतो? आमच्याच रांगेत, मधल्या खुर्चीवर, माझ्याच हातावर हात ठेवून, तोच भात खात. त्यातून विकणाऱ्याचं ‘के’ हे उडवणाऱ्याच्या तक्त्यात ‘के’च असेल असंही नाही. मला तर दारावर येणारी बोहारीणच आठवली. आपण पँट तिच्या हातात द्यावी, तिनं ती उजेडात धरावी, शिवण ओढून पाहावी आणि म्हणावं, "ह्याला भांडं नाय येत, वाटी घ्या." एवढंच की बोहारीण हे तोंडावर सांगते.

वाटी तर वाटी, म्हणून अर्ज केला. मुदत सहा महिन्यांची होती, त्यातले दोन अभ्यासात गेले होते. अर्जाला तिकिटाचा तेरा आकडी नंबर लागतो. त्यातले पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे. मी उडवणाऱ्या कंपनीचे असतील या समजुतीनं दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा खातं चोवीस तासांसाठी बंद झालं.

ते उघडलं तर नाव जुळेना. तिकिटावर माझं नाव, वडिलांचं नाव आणि मिस्टर हे तिन्ही एका दमात, मधे श्वास न घेता छापलेलं: दत्तात्रयविष्णुमिस्टर. खात्यात मी नुसता दत्तात्रय. कंपनीनं नम्रपणे कळवलं की, प्रवास श्री. दत्तात्रयविष्णुमिस्टर यांनी केलेला असून त्यांचे मैल आपणांस देता येत नाहीत. मी पासपोर्टाची प्रत पाठवली. सोबत पत्र लिहिलं की, विष्णू हे माझे वडील, ते 1994 मध्ये वारले, ते विमानात नव्हते.

हे पटलं. मग त्यांनी बोर्डिंग पास मागितले.

जातानाचा सापडला बायकोच्या पोथीत, अकराव्या अध्यायाची खूण म्हणून. मागे तिच्या अक्षरात ‘हिंग, मेतकूट, मुलासाठी चकली भाजणी’. येतानाचा शर्टाच्या खिशातून थेट इस्त्रीवाल्याकडे गेला होता. तो कागद उष्णतेनं छापला जातो, म्हणजे उष्णतेनंच काळा पडतो, हे ज्ञान मला इस्त्रीवाल्यानं दिलं. पाटीसारखा काळा कुळकुळीत चौकोन त्यानं माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "काका, महत्त्वाचं होतं का?" मी त्याचाही फोटो काढून पाठवला. उत्तर आलं की, कागदपत्र सुवाच्य नाही. मेतकूटवालं मात्र मंजूर झालं.

साडेपाच महिन्यांनी खात्यात मैल पडले 1,020. मी पुन्हा कॅल्क्युलेटर काढला: 1,641 किलोमीटर. म्हणजे नाशिकहून निघालेल्या आम्हाला कंपनीनं पंजाबात कुठेतरी उतरवून दिलं. त्या मैलांत काय मिळतं म्हणून यादी पाहिली. सर्वांत स्वस्त वस्तू बॅगेला लावायची चामडी पट्टी, आणि तिला लागतात पंधराशे.

"पंधराशेला किती कमी पडतात?" बायकोनं विचारलं.

"चारशे ऐंशी."

"मग जायचं का पुन्हा? पट्टीसाठी?"

परवा मुलाचा फोन आला. पुढच्या उन्हाळ्याची तिकिटं स्वस्त दिसतायत म्हणाला, काढू का? मी म्हटलं, अक्षर कुठलं आहे? तो म्हणाला, कसलं अक्षर? मी म्हटलं, उडवणार कोण आहे? भिशीत आहे का? बायकोनं हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, "काढ रे तू. यांचं चालू दे."

तेवढ्यात दारात बोहारीण आली. बायकोनं आधीच बाजूला काढलेला ढीग पुढे केला. त्यात माझी विमानातली पँटही होती. बाईनं ती उजेडात धरली, गुडघ्यापाशी ताणली, उलटी करून शिवण पाहिली आणि बाजूला टाकली.

"ही नाय चालत, बाई. सुती नाय."

"‘के’ आहे," मी आतून म्हणालो.

"क्काय?" बाईनं विचारलं.

"काही नाही हो," बायको म्हणाली, "डबा दाखवा, झाकणाचा."