टाइपरायटर म्हणे निवांत होता!

हल्ली दर चार दिवसांनी कुणीतरी जुन्या टाइपरायटरचा फोटो टाकतं, शेजारी पिवळट कागद, एखादं वाळकं फूल, आणि वर लिहिलेलं असतं, किती निवांत काळ होता तो. आता टाइपरायटर मलाही आवडतो, चांगलाच आवडतो, पण हे निवांत प्रकरण काही पचत नाही बुवा. अहो, ते मशीन विकलंच गेलं स्पीडच्या नावावर! १८७४ ला रेमिंग्टनने शोल्स आणि ग्लिडन या अमेरिकन संशोधकांचं मशीन बाजारात आणलं (बंदुका आणि शिलाई मशीन बनवणारी कंपनी, म्हणून दिसायलाही शिलाई मशीनच, अंगावर फुलांची नक्षी वगैरे), त्यात नुसती कॅपिटल अक्षरं होती आणि कहर म्हणजे आपण काय टाइप केलं ते टाइप करणाऱ्याला दिसायचंच नाही, कारण अक्षर रोलरच्या खालच्या अंगाला उमटायचं. स्मॉल अक्षरं यायला १८७८ उजाडलं. तरी लोकांनी ते घेतलं, कारण हाताने लिहिण्यापेक्षा काम लवकर उरकत होतं.

आणि निवांत कुणासाठी होतं हो? ऑफिसातल्या टायपिस्टला विचारा. बहुतेक बायकाच असायच्या, दिवसभर दुसऱ्याची पत्रं, दुसऱ्याचे रिपोर्ट, आणि मूळ कागदाखाली तीन-चार कार्बन लावलेले असताना शेवटच्या ओळीत चूक झाली की संपलं, प्रत्येक प्रत वेगळी खोडायची, तेसुद्धा मध्ये कागदाची चिठ्ठी सरकवून, नाहीतर वरची खोडताना खालची काळी. याच वैतागातून बेट नेस्मिथ ग्रॅहम नावाच्या टेक्सासमधल्या एका सेक्रेटरीने १९५० च्या दशकात पांढरा रंग छोट्या बाटलीत भरून ऑफिसात न्यायला सुरुवात केली, चूक झाली की ब्रशने झाकायची आणि वर परत टाइप करायचं. त्याचंच पुढे लिक्विड पेपर झालं आणि १९७९ मध्ये जिलेटने ती कंपनी ४ कोटी ७५ लाख डॉलरला घेतली. टाइपरायटरच्या गोष्टींमध्ये मला ही सगळ्यात आवडती, पण फुलं-बिलं ठेवलेल्या फोटोंखाली ती कधी सापडत नाही.

तिथे सापडतात लेखक. अमेरिकन कादंबरीकार कॉरमॅक मॅकार्थीचा ‘ऑलिव्हेटी लेटेरा ३२’ हा टाइपरायटर २००९ मध्ये लिलावात २,५४,५०० डॉलरला गेला, आणि त्या माणसाने काय केलं तर मित्राने वीस डॉलरच्या आत आणून दिलेला तसलाच दुसरा घेतला आणि काम चालू ठेवलं! म्हणजे ज्याचं मशीन होतं त्याला त्याचं फार काही वाटत नव्हतं, भावुक झालो आपण. आणि ज्या लाखो मशीनांवर बिलं, नोटिसा, बदल्यांच्या ऑर्डरी बडवल्या गेल्या ती भंगारात गेली, त्यांच्यासाठी कुणी उसासा टाकलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग मला का आवडतो? तर त्याच्या पोटात काय चाललंय ते दिसतं म्हणून. वरचं झाकण काढा आणि एक की अगदी हळूहळू दाबा. खालचा लिव्हर हलतो, अर्धगोलातली एक दांडी उठते, त्याच वेळी शाईची रिबन वर सरकते, दांडीच्या टोकावरचं उलटं अक्षर रिबनवर आपटतं, आणि स्प्रिंगने ओढून धरलेली अख्खी कॅरेज (कागद गुंडाळलेला रोलर असतो तो सरकता भाग) एका दात्याने सुटून बरोब्बर एक घर डावीकडे जाते. बस, एवढंच. दोन कीज एकदम दाबल्या की दोन दांड्या एकमेकींत अडकणार, बोटाने सोडवायच्या, बोट काळं करून घ्यायचं. ओळ संपायच्या जरा आधी घंटी वाजते ती का वाजते हेही कॅरेजच्या मागे डोकावलं की कळतं. बऱ्याच मॉडेलवर १ हा आकडाच नसायचा, इंग्रजी स्मॉल एल मारून भागवायचे, कशाला उगाच एक की वाढवा! माझ्या हातातल्या फोनचं मात्र मला ओ की ठो कळत नाही, तो चिकटवून बंद केलेला आहे, बिघडला की दुसरा घ्या.

‘टाइपरायटरवर लक्ष विचलित होत नाही’ हेही खूप ऐकू येतं. खरं असेल, पण इंटरनेट बंद केलं की लॅपटॉपवरही होत नाही. आणि ज्यांना नुसता तो टकटक आवाजच हवाय त्यांच्यासाठी टॉम हँक्सने २०१४ मध्ये हँक्स रायटर नावाचं अ‍ॅप काढलंय, खुशाल वापरा. (हँक्स स्वतः खरेखुरे टाइपरायटर जमवतो आणि त्यावर पत्रंही लिहितो, तेव्हा त्याला सगळं माफ.)

तर फोटो टाका, जरूर टाका, पण त्याच्यावर एकदा टाइपही करून बघा ना. रिबन अजून मिळतात, वाळलेली असेल तर बदला. आणि कीज अडकतायत म्हणून दांड्यांच्या मुळाशी तेल ओतू नका प्लीज, तेलात धूळ बसून त्याचा चिकटा होतो आणि मशीन आणखीच जाम होतं. आधी कोरड्या ब्रशने साफ करा, मग थोडं स्पिरिट लावून दांड्या मोकळ्या होईपर्यंत वर-खाली करत बसा. वेळ लागेल.