तापात नाडी शंभरावर गेली, म्हणून हृदय बिघडलं असं नाही

लालबाग-परळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'व्हायरल तापात नाडी १००च्या वर गेली की विषाणू हृदयात शिरला समजा. ठोके कमी करणारी गोळी लगेच घ्या. नाडी शंभराच्या आत असेल तर घाबरू नका.' काल दवाखान्यात एक आजी हाच मेसेज दाखवत आल्या, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, ताप चढला की नाडी वाढायचीच. एक अंश सेल्सिअसमागे साधारण ८ ते १० ठोके. एकोणिसाव्या शतकातल्या लीबरमाइस्टर या जर्मन डॉक्टरांच्या नावाने हा आडाखा ओळखला जातो. एरवी ८५ ठोके असणाऱ्याला १०२ फॅरनहाइट ताप आला की शंभरी आलीच. रक्त तापलं की हृदयाला ठेका देणारी गाठ स्वतःच जलद चालते, शरीराला प्राणवायूही जास्त लागतो. त्यात घाम गेला, पाणी पोटात नाही, की ठोके आणखी वाढतात. आणि लहान मुलांचं काय? दोन वर्षांच्या बाळाची नाडी ताप नसतानाही ११० असते!

गोळीचा सल्ला तर घातक आहे. ठोके कमी करणारी ही गोळी बीपीसाठीही देतात; शेजाऱ्याची ती गोळी घेतलीत तर दाब उतरेल, दमेकऱ्याची धाप वाढेल, आणि ताप तिथेच राहील. ज्यांना ती गोळी रोजची आहे, त्यांनी मात्र मनाने बंद करू नये.

'शंभराच्या आत म्हणजे सुखरूप' हेही खोटं. ही गोळी रोज घेणाऱ्यांची नाडी तापातही फारशी वाढत नाही. टायफॉइडमध्ये ताप भरपूर आणि नाडी त्यामानाने मंद, असं दिसू शकतं. पावसाळ्यात आपल्याकडे फ्लूसोबत डेंग्यूही असतो. त्यात तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमकी तेव्हाच नाडी जलद व क्षीण होऊन हातपाय गार पडू शकतात. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठा.

मेसेजमध्ये खरं इतकंच, की फ्लूनंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. ताप उतरूनही पडल्यापडल्या धडधड थांबत नाही, छातीत दुखतं, आडवं झालं की दम लागतो, चक्कर येऊन शुद्ध हरपते. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी ईसीजी काढा.

नाडी मोजायची तर जिना चढून आल्याआल्या नको. दहा मिनिटं पडून राहा, मनगटावर पूर्ण मिनिट मोजा आणि शेजारी त्या वेळचा ताप लिहा. डॉक्टरकडे येताना तो कागद आणा.