गोव्यात हौसेखातर मॅग्नम? एक खुलासा

‘गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो, म्हणून हौसेसाठी .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर विनापरवाना घेता येतं,’ असा संदेश फोंडा-म्हापशाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतो आहे. हे खोटं आहे.

गोंधळ कुठून आला ते समजतं. आपल्याकडे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून लागू आहे. पण ती लग्नासारख्या कौटुंबिक बाबींपुरती. बंदुकीसाठी देशभरासारखाच 1959 चा शस्त्र कायदा. परवान्यासाठी अर्ज करायचा, पोलिसांचा अहवाल यायचा, आणि रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याने ‘योग्य कारण’ पटवून द्यायचं. ‘मजा म्हणून’ हे कारण कोणता अधिकारी मान्य करील, हे मला तरी सुचत नाही. रानडुक्कर बागायतीत शिरतात हे खरं, पण त्यासाठी कायद्यात साध्या नळीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, रिव्हॉल्व्हरची नाही.

विनापरवाना सापडलात तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 ते 5 वर्षं कैद, शिवाय दंड. लग्नात हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात आणलात, तर परवाना असूनही 2 वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

संदेशातला अमेरिकेतल्या दुकानाचा फोटो मात्र खरा असू शकतो. तिथला कायदा तिथे.