शांततेचं आवाहन करताना घ्यावयाची काळजी

परराष्ट्रमंत्री झाल्याबद्दल अभिनंदन. खातं मिळालं, बंगला मिळाला, हारतुरे झाले. आता जगात कुठेतरी युद्ध पेटणार आणि शांततेचं आवाहन करायची पाळी तुमच्यावर येणार. घाबरून जाऊ नका. आवाहन कोणाला करायचं एवढं एकदा ठरलं की पुढचं सोपं आहे. ते कोणालाच करायचं नसतं.

‘सर्व संबंधित पक्षांनी संयम पाळावा’ हे वाक्य आजच पाठ करून टाका. ज्याचे रणगाडे आहेत तो एक पक्ष आणि ज्याच्या अंगणात ते घुसलेत तो दुसरा. संयम दोघांनी सारखाच पाळायचा. चुकून नाव घेतलंत तर नाववाला विचारेल, ‘नाही ऐकलं तर काय कराल?’ याचं उत्तर तुमच्या खात्याच्या कुठल्याच फायलीत नाही. चिंतासुद्धा बेताबेतानं खर्चा. आधी नुसती चिंता, मग तीव्र चिंता, मग अतिशय तीव्र चिंता. पहिल्याच आठवड्यात निषेध करून बसलात तर पुढचे महिने काय करणार? युद्धं लांबतात हो.

भाषण आधीच लिहून न्या आणि काहीही झालं तरी लिहिलेलंच वाचा. २३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची तातडीची बैठक चालू होती. विषय होता, युक्रेनवर हल्ला होऊ नये. सरचिटणीस गुटेरेस यांनी पुतिन यांना अगदी नाव घेऊन सैन्य आवरायची विनंती केली (हा त्यांचा नवखेपणा म्हणायचा). एकेक राजदूत तणाव कमी करण्याचं आवाहन वाचत होता, आणि बैठक चालू असतानाच पुतिन यांनी टीव्हीवर ‘विशेष लष्करी कारवाई’ जाहीर करून टाकली. अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण होतं? रशियाचे राजदूत नेबेंझिया. त्या महिन्याचं अध्यक्षपद पाळीनं रशियाकडेच आलं होतं. युक्रेनचे राजदूत किस्लित्सिया त्यांना म्हणाले, आत्ताच्या आत्ता तुमच्या परराष्ट्रमंत्र्यांना फोन लावा. नेबेंझिया म्हणाले, लावरोव्ह यांना या वेळी उठवायचा माझा विचार नाही. शिष्टाचार तो हाच. शहरांवर क्षेपणास्त्रं पडली तर पडोत, मंत्र्यांची झोपमोड होता कामा नये. दोनच दिवसांनी हल्ल्याच्या विरोधातला ठराव आला, अकरा मतं पडली आणि रशियाच्या एका नकाराधिकारानं तो निकालात निघाला.

आरोपीच न्यायाधीशाच्या शेजारी कसा बसतो, असले बाळबोध प्रश्न विचारू नका. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रुआंडात तुत्सी जमातीची कत्तल चालू होती तेव्हा रुआंडा स्वतः सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. मारणाऱ्या सरकारचाच प्रतिनिधी टेबलाशी बसून चर्चा ऐकत होता. आणि परिषदेनं काय केलं? कत्तल सुरू होऊन दोन आठवडे झाले असताना, २१ एप्रिलला, तिथली शांतिसेना २७० माणसांवर आणायचं ठरवलं.

टेबलावरून आठवलं. वाटाघाटी सुरू करायची घाई करू नका, आधी फर्निचर पाहा. व्हिएतनामच्या पॅरिस वाटाघाटी १९६८ च्या अखेरीस टेबलाच्या आकारावर अडल्या. सायगावच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या, सरकारला व्हिएतकाँगच्या (दक्षिणेतल्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या) शेजारी बरोबरीनं बसायचं नव्हतं, उत्तरेच्या हनोई सरकारला त्यांना बरोबरीनंच बसवायचं होतं. गोल, चौकोनी, अर्धगोल असे सगळे नकाशे काढून झाले. जानेवारी १९६९ मध्ये तोडगा निघाला: मधे एक गोल टेबल आणि दोन बाजूंना, अठरा इंच अंतर सोडून, चिटणिसांसाठी दोन छोटी आयताकृती टेबलं. तिकडे माणसं मरतच होती. इकडे कोणीतरी टेप घेऊन अठरा इंच मोजलेच असतील. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत मानपानावरून रुसणाऱ्या व्याह्यांना आपण उगाच नावं ठेवतो.

आता व्यवहाराचं. शस्त्रं विकत असाल तर आवाहन जास्त मोठ्या आवाजात करा. सिप्री या स्टॉकहोमच्या संस्थेच्या हिशेबानं २०२० ते २०२४ या काळात शस्त्रनिर्यातीत पहिले चार देश अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि चीन. त्यात एकट्या अमेरिकेचा वाटा ४३ टक्के. हे चौघेही सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य, म्हणजे जगाच्या शांततेचे राखणदार. चोराला सांग चोरी कर, सावाला सांग जागा राहा, पण या धंद्यात दोघांनाही टॉर्च विकायचे असतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी विमानांनी गाझावर हवेतून जेवणाची पाकिटं टाकली. त्याच गाझावर पडणारे बॉम्बही अमेरिका इस्रायलला पुरवत होती. याला दुटप्पीपणा म्हणू नका, ‘सर्वसमावेशक धोरण’ म्हणा.

ठराव मंजूर झाला तरी हातपाय गाळू नका, उपाय असतो. २५ मार्च २०२४ रोजी गाझातल्या युद्धबंदीचा ठराव १४ विरुद्ध ० असा मंजूर झाला. अमेरिका तटस्थ राहिली. रमजानपुरता युद्धविराम मागितला होता, आणि रमजानचे जेमतेम दोन आठवडे उरले होते. त्याच दिवशी अमेरिकेनं खुलासा केला की हा ठराव बंधनकारक नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि वर वाढप्या सांगतो की जेवलंच पाहिजे असं काही नाही.

तुम्ही दिल्लीचे मंत्री असाल तर तुम्हाला काय शिकवायचं! युक्रेनवर तटस्थ, ऑक्टोबर २०२३ मध्ये आमसभेत गाझावर तटस्थ, डिसेंबरमध्ये युद्धबंदीच्या बाजूनं. समरकंदला पंतप्रधानांनी पुतिन यांना ‘आजचं युग युद्धाचं नाही’ असं तोंडावर सांगायचं आणि त्यांचं स्वस्त तेलही घ्यायचं. ते तेल नाकारून फार काही साधलं असतं असं नाही, हे मी प्रामाणिकपणे म्हणतो. फक्त तटस्थ राहिल्यावर स्पष्टीकरण लांबलचक द्या. मत जितकं आखूड, तितकं स्पष्टीकरण लांब.

एवढं सगळं करूनही लाखो माणसं मेलीच, तर खेद व्यक्त करायला विसरू नका, पण लगेच नको. रुआंडासाठी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी चार वर्षं घेतली. २५ मार्च १९९८ रोजी ते तिथल्या राजधानीत, किगालीला गेले, वाचलेल्यांना भेटले, आम्ही पुरेशा वेगानं हालचाल केली नाही असं म्हणाले आणि विमानतळाबाहेर पाऊलही न टाकता परत निघाले. तुम्हीही खेदाचा कार्यक्रम विमानतळावरच ठेवा. गावात गेलं की लोक कबरी दाखवायला नेतात आणि पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतो.