‘रायझिंग स्टार’ आणि दहा सामन्यांची अट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत. एएफएल (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) महिला स्पर्धेचा २०२३चा ‘रायझिंग स्टार’, म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार, झार्ली गोल्ड्सवर्दीला मिळाला तेव्हा ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडून तिचा दुसरा हंगाम चालू होता, म्हणजे ती नवखी नव्हती. आणि हा पुरस्कार फिरून फिरून मिडफिल्डरनाच (मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्यांनाच) जातो. पहिला आक्षेप निम्मा बरोबर आहे. ती बाजू या पुरस्कारावरच्या माझ्या मूळ लेखात यायला हवी होती.

नियमात ‘पहिलं वर्ष’ असं काही नाही. खेळाडू २१ वर्षांखालची हवी आणि हंगामाआधी तिचे दहापेक्षा जास्त सामने झालेले नकोत. ही सवलत का हवी, ते इसाबेल हंटिंग्टनवरून कळतं. २०१७च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) वेस्टर्न बुलडॉग्जने तिला सर्वांत आधी उचललं, २०१८मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि २०१९चा अख्खा हंगाम बुडाला. २०२०मध्ये तिने हा पुरस्कार जिंकला. ‘फक्त पहिलं वर्ष’ असा नियम असता तर ती केव्हाच बाद झाली असती.

अडचण दहाच्या आकड्यात होती. पुरुषांच्या स्पर्धेतही अट हीच, पण तिथे फेऱ्या वीसपेक्षा जास्त; दहा सामने म्हणजे अर्धा हंगामही नाही. महिलांच्या स्पर्धेत २०१७ ते २०१९ फेऱ्या होत्या सातच, त्यामुळे पहिला हंगाम पूर्ण खेळूनही मुलगी पुढच्या वर्षी पात्रच राहायची. २०२२च्या जानेवारीत सुरू झालेल्या हंगामात फेऱ्या दहा झाल्या आणि विचित्र भेद तयार झाला. सगळे सामने खेळलेली मुलगी बाद फेरीत गेलेल्या संघात असेल तर तिचा अकरावा सामना होऊन पात्रता संपायची. तळातल्या संघातली दहावर थांबायची आणि तिला दुसरी संधी मिळायची. गोल्ड्सवर्दीच्या पहिल्या हंगामात तिचा संघ बाद फेरीत नव्हता. तिने नियम मोडला नाही, पण चांगल्या संघातल्या मुलींवर तो नियम अन्याय करत होता, हे मान्य. २०२५मध्ये फेऱ्या १२ झाल्या. आता पूर्ण हंगाम खेळलेली मुलगी आपोआप बाहेर पडते, दुखापतीत सामने गमावलेली तेवढी आत राहते. म्हणून आकडा दहाच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

मिडफिल्डरचं म्हणाल तर एबनी मरीनॉफ (२०१७), मॅडी प्रेस्पाकिस (२०१९), टायला हँक्स (२०२१) ही नावं तुमच्या बाजूची. पण २०१८ची विजेती, कॉलिंगवूडची क्लोई मोलॉय, त्या हंगामात बचावफळीत खेळत होती आणि २०२४ची मटिल्डा शोल्झ पोर्ट ॲडलेडची रक (उंच उडी मारून चेंडू आपल्या खेळाडूंकडे टॅप करणारी, म्हणजे हाताने ढकलणारी) आहे. मिडफिल्डरचा कल दिसतो कारण चेंडू किती वेळा हाती आला ते मोजणं सोपं असतं. बचावपटूने हवेत मूठ मारून उधळलेला चेंडू त्या आकड्यात येत नाही. तिच्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या किकवर मध्येच घेतलेले मार्क (हवेतच पकडलेले झेल) आणि एकास-एक झुंजीत ती किती वेळा हरली, हे पाहा. रकच्या बाबतीत नुसते टॅप मोजू नका. टॅप केलेला चेंडू आपल्याच खेळाडूच्या हातात पडला का, ते बघा.