डोंबिवलीत राहून अमेरिकन क्रेडिट कार्ड कसं मिळवावं

तुम्ही डोंबिवलीत राहता, पगार रुपयात येतो, अमेरिका पाहिलीये ती एकदा ऑफिसच्या कामाने आणि एकदा मावसभावाकडे पंधरा दिवस, आणि तरीही तुमच्या पाकिटात अमेरिकन क्रेडिट कार्ड नाही? कमाल आहे. तिकडे लोक नुसता किराणा भरून, नवीन कार्ड घेतल्यावर मिळणाऱ्या साइन-अप बोनसच्या पॉइंटवर बिझनेस क्लासने फिरतायत आणि तुम्ही अजून 8:12 च्या लोकलला दारात लटकताय. उठा, मी सांगतो तसं करा, मी यातून गेलोय.

सगळ्यात आधी संस्कार सोडा. अंथरूण पाहून पाय पसरावे वगैरे जे काही घरी शिकवलंय ते तिकडे सांगायचंच नाही. वडिलांनी जन्मात कुणाचं पाच पैशाचं देणं ठेवलं नाही हे इकडे लग्नाच्या बैठकीत अभिमानाने सांगतात, तिकडे अशा माणसाकडे संशयाने बघतात, कारण ज्याने कधी कर्जच घेतलं नाही तो फेडेल कशावरून? क्रेडिट हिस्ट्री म्हणजे तिथलं कूळ-गोत्र समजा. मूळ गाव कोणतं, कुणापैकी तुम्ही, हे तीन क्रेडिट ब्युरो, म्हणजे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, बघतात: इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन. आता तुम्ही म्हणाल की आमचा सिबिल 800 च्या वर आहे आणि सिबिलच्या नावाआधीच तर ट्रान्सयुनियन लिहिलेलं असतं, एकाच घरचे की हो! असतील, पण इकडच्या सूनबाईंचं कौतुक तिकडच्या सासूच्या कानावर जात नाही. इकडचा स्कोअर 900 पैकी, तिकडचा 850 पैकी, आणि तुमचा तिकडे शून्यसुद्धा नाही, शून्य असायला आधी माणूस असावा लागतो.

माणूस व्हायला नंबर लागतो. सोशल सिक्युरिटी नंबर तुम्हाला मिळणार नाही, तुम्ही तिथे राहत नाही, काम करत नाही. मग आयटीन काढायचा, 9 ने सुरू होणारा नऊ आकडी नंबर, तो खरं तर फक्त टॅक्ससाठी असतो, म्हणजे आधी अमेरिकेत टॅक्सशी संबंध येईल असं काहीतरी कारण पैदा करा. इकडे रिटर्न भरायच्या वेळी सीएच्या नावाने बोटं मोडणारे तुम्ही, तिकडचा आयटीनसाठीचा डब्ल्यू-7 फॉर्म मात्र रात्री जागून, हौसेने भरायचा. त्याच्यासोबत ओरिजिनल पासपोर्ट टपालाने टेक्ससमधल्या ऑस्टिनला पाठवायचा आणि दोन-तीन महिने देवाचं नाव घेत बसायचं. सर्टिफाइड कॉपी चालते, एजंटकडूनही काम होतं, पण मग थरार कुठला.

मग पत्ता. इथे मावसभाऊ कामाला येतो, न्यू जर्सीतल्या एडिसनचा. अर्थात पत्ता त्याचा असला तरी त्रास वहिनीला असतो हे लक्षात ठेवा, म्हणून आधी भाकरवडी, गोडा मसाला आणि मेतकूट रवाना करा, विषय नंतर काढा. भाड्याने मिळणाऱ्या टपालपेटीचा पत्ता देऊ नका, तो बऱ्याच बँका ओळखतात. इंटरनेटवरून घेतलेला अमेरिकन फोन नंबरही असाच पकडला जातो, ओटीपी येतच नाही. म्हणजे फोनही भावाचाच, आणि तो मीटिंगमध्ये असताना तुम्ही, अरे सहा आकडे आले का बघ ना, पटकन, दोन मिनिटंच आहेत.

फॉर्ममध्ये नाव जपून लिहा. आमच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र आहे, तीर्थरूपांचं नाव दत्तात्रय, झालं, एका ठिकाणी मी अख्ख्या लांबीचा जोडशब्द झालो, दुसरीकडे नुसता डी, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. उत्पन्न डॉलरमध्ये लिहायचं असतं, तो भागाकार एकट्याने करा, बायकोसमोर नको. ओळख पटवायला बँकेचा फोन लावायचा तर त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. बाई गोड आवाजात विचारते, खालीलपैकी कोणत्या रस्त्यावर तुम्ही राहिला आहात? मी कुठल्याच नाही म्हटलं, जे शंभर टक्के खरं होतं.

दहा दिवसांनी वहिनीने पत्राचा फोटो पाठवला, कोपऱ्यावर हळदीचं बोट. नकाराचं कारण तिथे कळवावं लागतं, तसं कळवलं होतं: क्रेडिट हिस्ट्री पुरेशी नाही. म्हणजे कार्ड नाही म्हणून हिस्ट्री नाही आणि हिस्ट्री नाही म्हणून कार्ड नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही तशातली गत. आणि कार्ड मागितलंत याचीही नोंद होते, ती रिपोर्टवर दोन वर्षं राहते.

खचू नका. इकडचं अमेक्स, म्हणजे अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड, असेल आणि खरंच तिकडे राहायला गेलात तर त्याच ओळखीवर तिथलं मागता येतं, ही त्यातल्या त्यात सरळ वाट, पण सरळ वाटेने गेलात तर कट्ट्यावर सांगाल काय? त्यापेक्षा सिक्युअर्ड कार्ड घ्या. तुम्ही बँकेला 200 डॉलर डिपॉझिट द्यायचे, बँक तुमच्यावर विश्वास ठेवून तुम्हाला 200 डॉलरचं लिमिट देते. ते पैसे इथून पाठवायला आपल्या बँकेत ए-2 फॉर्म भरायचा, काउंटरवरचा माणूस कशासाठी म्हणून विचारेल, त्याला सांगायला काहीतरी तयार ठेवा. आणि 200 चं लिमिट आहे म्हणून 200 खर्चायचे नाहीत हं, तीस टक्क्यांच्या आत राहा म्हणतात, म्हणजे 60 डॉलर. ते डोंबिवलीत वापरलंत तर अशा बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहाराचे 3 टक्के लागतात आणि कॅशबॅक मिळालाच तर 1 टक्का. थोडक्यात 1 डॉलर 80 सेंट देऊन 60 सेंट कमवायचे. असं सहा महिने केलं की पहिला स्कोअर येतो आणि मग तुम्ही नाकारले जाण्याच्या लायकीचे होता, म्हणजे खऱ्या, मोठ्या कार्डासाठी.

हे सगळं चालू असताना एखाद्या दुपारी जेवायला बसलात की इकडच्या बँकेचा फोन येईलच, सर प्री-अप्रूव्ह्ड कार्ड आहे, लाइफटाइम फ्री, कागदपत्रं पण नकोत. घास तसाच गालात ठेवून त्या पोरीवर खेकसायचं, एकदा नको म्हणून सांगितलं ना, आणि फोन कापून लगेच एडिसनला मेसेज टाकायचा: वहिनी, पत्र आलं का?